जुन्या चेनसॉला दुसऱ्या मेकचा बार: बूड कसं मोजायचं, काय जुळवायचं

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडाकडच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. आंबा, काजू, पोफळी, घरामागचे जुने फणस, सगळंच. त्यानंतर ज्याच्या माळ्यावर चेनसॉ होता त्याने तो खाली काढला. वर्षानुवर्षं न चाललेली मशिनं माझ्या पडवीत रांगेने येऊन बसली. कार्ब्युरेटर धुतला, डायफ्राम बदलला, पेट्रोलची नळी नवी घातली की बहुतेक इंजिनं धरत होती. अडत होतं ते बारपाशी, म्हणजे चेन जिच्याभोवती धावते त्या पुढच्या लांब पट्टीपाशी. कुणाच्या बारचं नाक मोडलेलं, कुणाचा चर रुंदावून चेन कलंडणारी, कुणाचा बार मधोमध वाकलेला. लॉकडाऊनमुळे दुकानं धड उघडी नव्हती. मग याचा बार त्याला, त्याचा याला, असा उद्योग सुरू झाला.

त्या गडबडीत एका जुन्या स्वीडिश मशीनवर मी दुसऱ्याच मेकचा २० इंची बार चढवला. स्टड, म्हणजे बार आवळायचे मशीनवरचे आटेदार खुंट, खाचेत गेले, चेन ताणायची पिन भोकात बसली, चेन ताणली गेली, झाकणही बसलं. सगळं जुळलं असं समजून मी मशीन मालकाच्या हवाली केलं. तासाभरात तो परत आला. बारच्या कडेला वीतभर निळा-जांभळा पट्टा उमटला होता आणि चेन चरात धरली गेली होती. बार उतरवून पाहिला तर मशीनमधून तेल जिथून बाहेर पडतं ती जागा आणि बारवरचं तेलाचं भोक यांच्यात जेमतेम नखाएवढा फरक होता. तेवढ्यावरून बारही गेला आणि चेनही. दोन्ही मी माझ्या पैशाने भरून दिली.

तेव्हापासून "या मशीनला अमक्या कंपनीचा बार चालेल का?" असं कुणी विचारलं की मी आधी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं कॅलिपर, काढतो. जुन्या मशिनांच्या बाबतीत कंपनीच्या नावावरून मिळणारं उत्तर अर्धवट असतं. बाराचं बूड मोजलं की उत्तर पक्कं मिळतं. ते कसं मोजायचं, ते या लेखात सगळं सांगतो.

बुडावर काय असतं

बार मशीनला जोडला जातो त्या मागच्या टोकाला मी बूड म्हणतो. पुढचं टोक म्हणजे नाक. कडेने फिरणारी, चेनचे दात ज्यात धावतात ती खोलगट रेषा म्हणजे चर. बुडाच्या मधोमध लांबट खाच असते, तिच्यातून मशीनचा एक किंवा दोन स्टड बाहेर येतात. खाचेच्या वर आणि खाली एकेक भोक ताणाच्या पिनसाठी आणि एकेक तेलासाठी. दोन्हीकडे भोकं असतात ती बार उलटा करून वापरता यावा म्हणून. एका वेळी त्यातलं एकेकच कामात येतं.

म्हणजे जुळवायच्या गोष्टी पाच: स्टडची जाडी आणि खाचेची रुंदी, खाचेची लांबी, ताणाच्या पिनची जागा, तेलाच्या तोंडाची जागा, आणि बाराची जाडी. यातल्या पहिल्या तीन चुकल्या तर बार बसतच नाही, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळते. चौथी चुकली तर बार छान बसतो आणि कामावर जळतो. सगळ्यात जास्त बार मी या चौथ्या गोष्टीमुळे मेलेले पाहिले आहेत.

कंपनीच्या नावावर का भागत नाही

चेनसॉच्या धंद्यात कंपन्या इतक्या वेळा विकल्या गेल्या आहेत की झाकणावरचं नाव आणि आतली जात यांचा संबंध काळानुसार बदलतो. स्वीडनच्या हस्कवार्नाला १९७८ मध्ये इलेक्ट्रोलक्सने घेतलं. योन्सरेड आणि पार्टनर ही दुसरी स्वीडिश नावंही त्याच सुमारास त्याच घरात आली. त्यामुळे नंतरच्या काळातली तांबडी योन्सरेड आणि केशरी हस्कवार्ना ही मोठ्या आकारात एकच बार घेतात. त्याआधीच्या योन्सरेडबद्दल मात्र असं धरून चालू नका. अमेरिकेची पूलान १९८०च्या दशकात इलेक्ट्रोलक्सकडे गेली. जर्मनीची डोलमार १९९१ मध्ये मकिताने घेतली, म्हणून निळ्या मकितासाठी डोलमारचे भाग शोधायला हरकत नाही. होमलाइट १९९४ मध्ये जॉन डिअरकडे गेली आणि पुढे पुन्हा हात बदलले. मूळची मॅककलॉक १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसऱ्यांकडे गेलं. जपानची झेनोआ २००७ मध्ये हस्कवार्नाकडे आली.

यातून घ्यायचं ते एवढंच. "मॅककलॉकचा बार" किंवा "होमलाइटचा बार" या शब्दांना, मशीन कोणत्या काळातलं आहे ते कळेपर्यंत काहीच अर्थ नाही. १९६०-७०च्या दशकातलं जड अमेरिकन मशीन आणि त्याच नावाचं नंतरचं हलकं घरगुती मशीन यांच्या बुडांचा एकमेकांशी संबंध नसतो. एकाच कंपनीच्या एकाच काळातल्या लहान आणि मोठ्या मशिनांचीही बुडं वेगळी असतात.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. स्टीलचं ०७० हे १०६ सीसीचं दणकट मशीन उष्ण प्रदेशांत इतकं चाललं की त्याच्या चिनी नकलाही भरपूर आल्या. बाजारात मिळणारी ५२ आणि ५८ सीसीची स्वस्त मशिनं ही सुद्धा कुठल्या ना कुठल्या जुन्या नमुन्यावरून बेतलेली आहेत. नकलेचं ओतकाम मूळ मशीनशी मिलिमीटरभर तरी जुळेलच याची हमी नाही. तिथे तर मोजल्याशिवाय बार घेऊच नका.

कोरलेला नंबर वाचता आला तर अर्धं काम झालं

जुना बार हाताशी असेल तर आधी त्याचं बूड रॉकेलने घासून स्वच्छ करा. राळ आणि तेलाचा थर निघाला की नंबर दिसतो. दोन पद्धतींचे नंबर वाचता आले तरी पुष्कळ काम निघतं.

ऑरेगन कंपनीच्या बारवर आकडे आणि अक्षरं सलग असतात. उदाहरणार्थ, २००आरएनडीडी००९. पहिले दोन आकडे म्हणजे लांबी, इथे २० इंच. तिसरा आकडा चराची रुंदी सांगतो: ० म्हणजे ०.०५० इंच, ८ म्हणजे ०.०५८, ३ म्हणजे ०.०६३. शेवटचं अक्षर आणि तीन आकडे, इथे डी००९, हा बुडाचा कोड. हाच तुम्हाला हवा. अक्षर आणि आकडे दोन्ही जुळले पाहिजेत, नुसते आकडे पाहून बार मागवू नका.

डी००९ हे हस्कवार्नाचं मोठं बूड. २६८, २७२, ३७२ ही मशिनं याच्यावर चालतात. के०९५ हे हस्कवार्नाचं लहान बूड. डी०२५ स्टीलच्या मध्यम आणि मोठ्या मशिनांसाठी, ए०७४ स्टीलच्या लहान मशिनांसाठी. ए०४१ हे पूलान, होमलाइट, मॅककलॉक, एको अशा अनेक नावांच्या लहान घरगुती मशिनांना चालणारं बूड.

स्टीलच्या स्वतःच्या बारांवर पार्ट नंबरचे पहिले चार आकडे बुडाचे असतात. ३००५ म्हणजे लहान मशिनं, जशी ०१८, ०२१, ०२५, एमएस १७०, एमएस १८०. ३००३ म्हणजे ०३४, ०३६, ०४४, ०६६ या जातीची. ३००२ म्हणजे ०७०, ०९०, ०८८ असली राक्षसी मशिनं. ३००३चा बार ३००२च्या मशीनला सरळ बसेल असं समजू नका.

आता एक गोष्ट नीट पाहा. हस्कवार्नाचं के०९५, स्टीलचं ए०७४ आणि ए०४१ या तिन्हींची खाच साधारण ८ मिलिमीटरचीच आहे. दुकानात तिन्ही बार तुमच्या ८ मिलिमीटरच्या स्टडवर सरकतील. तरी कोड तीन आहेत, कारण पिनची आणि तेलाची भोकं वेगवेगळ्या जागी आहेत. "स्टडवर बसतोय, म्हणजे चालेल" हे दुकानदाराचं वाक्य ऐकलं की हे तीन कोड आठवा.

नंबर नसेल तेव्हा: मोजणी

माझा आतेभाऊ मिशिगनला असतो. हिवाळ्यात घर लाकडावर तापवतो, त्यामुळे त्याला चेनसॉ लागतोच. दोन वर्षांपूर्वी त्याने शेजारच्या गराज सेलमधून एक जुनं अमेरिकन मशीन उचललं. इंजिन ठणठणीत, पण नावाची पाटी गळून गेलेली, बार नाहीच. रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, हे कुठल्या कंपनीचं ते कळत नाही. बार कुठला मागवू?" मी म्हटलं, "कंपनी राहू दे. व्हर्नियर आहे ना? प्लगची वायर काढ, झाकण उतरव, आणि मी सांगतो तसं मोज." त्या रात्री आम्ही ज्या क्रमाने मोजलं तोच क्रम इथे देतो.

प्लगची वायर आधी काढायची, ही गोष्ट मोजतानाही पाळा. झाकण, जुनी चेन, बार उतरवा. मशीनची बाजू ब्रशने आणि डिझेलने साफ करा. बार जिथे टेकतो तो सपाट भाग चकचकीत दिसला पाहिजे.

पहिलं माप स्टडचं. आट्यांवर मोजू नका. बार जिथे टेकतो तिथे, स्टडच्या मुळाशी मोजा. पुष्कळ मशिनांत स्टडला मुळाशी आटे नसलेला जाड खांदा असतो आणि बार त्या खांद्यावर बसतो. नटाच्या आट्यांवर ८ आलं आणि खांद्यावर ९ किंवा १२ आलं, तर खरं माप खांद्याचं. स्टीलच्या ३००३ बुडाची खाच साधारण १२ मिलिमीटर असते, हस्कवार्नाच्या मोठ्या बुडाची ९ मिलिमीटरच्या किंचित वर. इतका फरक नुसत्या डोळ्यालाही दिसतो.

जुन्या अमेरिकन मशिनांत मापं इंचात असतात, हे विसरू नका. आतेभावाच्या व्हर्नियरवर ९.५ आलं. ते ३/८ इंच, म्हणजे ९.५३ मिलिमीटर. ९ मिलिमीटरच्या खाचेत हा स्टड बहुधा अडकेल. ५/१६ इंच म्हणजे ७.९४, तो ८ मिलिमीटरच्या खाचेत सुखाने जातो. पण स्टड खाचेत गेला म्हणून नटही मेट्रिक लावू नका. ५/१६चे आटे आणि ८ मिलिमीटरचे आटे वेगळे. दोन फेरे जातो, मग जोर लावला की स्टडचे आटे सोलवटतात. जुन्या मशीनला हा स्टड पुन्हा मिळणं बारापेक्षा अवघड.

दुसरं माप दोन स्टडमधलं अंतर. व्हर्नियर दोन्ही स्टडच्या बाहेरून लावा आणि आलेल्या मापातून एका स्टडची जाडी वजा करा, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. यावरून खाच किती लांब लागेल ते कळतं. दोन्ही स्टड खाचेत मावून वर बार पुढे-मागे सरकायला जागा उरली पाहिजे. नवी चेन थोड्याच कामानंतर लांबते, तेव्हा ताणायला ती जागा लागते. एकच स्टड असलेल्या मशीनला बारचा दुसरा आधार कुठे आहे ते पाहा. अनेक मशिनांत ओतकामातच एक आडवा उंचवटा खाचेत बसतो, त्याची रुंदी आणि लांबी वेगळी मोजा.

तिसरं माप ताणाच्या पिनचं. पिनची जाडी घ्या. मग स्टडच्या मध्यरेषेपासून पिन किती वर किंवा खाली आहे ते मोजा. ताणाचा स्क्रू पूर्ण सैल करून एकदा आणि पूर्ण आवळून एकदा पिनची जागा पाहा. पिन भोकात ढिली बसत असेल तर मोठी अडचण नाही, पण पिन भोकात तिरकी जात असेल तर बार घेऊ नका. तिरकी पिन दोन-चारदा ताणल्यावर मोडते, आणि जुन्या मशिनांत मोडलेली पिन काढायला अख्खा ताणाचा स्क्रू बाहेर घ्यावा लागतो.

चौथं माप तेलाच्या तोंडाचं. हे व्हर्नियरने नीट घेता येत नाही, म्हणून मी वेगळी युक्ती करतो. जाड लग्नपत्रिका घ्यायची. पत्रिकेवर बाराच्या बुडाएवढी खाच आणि पिनचं भोक कापून ती स्टडवर चढवायची. मशीनच्या सपाट भागावर तेलाच्या तोंडाभोवती कुंकू कालवलेलं ग्रीस बोटाने पातळ लावायचं आणि पत्रिका दाबायची. तेलाचं तोंड जिथे असेल तिथे पत्रिकेवर कोरी जागा राहते आणि भोवती लाल रंग उमटतो. हे तोंड अनेकदा गोल नसतं, लांबट खोबणी असते. तिचा पूर्ण आकार कागदावर येतो. ही पत्रिका घेऊन दुकानात जा. नव्या बारच्या बुडावर ठेवली की तेलाचं भोक त्या कोऱ्या जागेत येतं का, हे दुकानातच दिसतं. बार पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे, दोन्ही टोकांना भोक खोबणीच्या आत राहिलं पाहिजे. आतेभावाने हीच गोष्ट एका जुन्या ग्रीटिंग कार्डावर लिपस्टिकने केली आणि फोटो पाठवला. त्याची बायको दोन दिवस बोलली नाही, पण छाप सुरेख आला.

पाचवं माप बारची जाडी. हे लोक सोडून देतात. बार जाड किंवा पातळ असला की चराचा मध्य आणि स्प्रॉकेटचा, म्हणजे मशीनमधल्या चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, मध्य एका रेषेत राहत नाहीत. चेन स्प्रॉकेटवरून तिरकी चरात शिरते आणि तिच्या दातांची एकच बाजू झिजते. स्केल स्प्रॉकेटच्या दातांशी लावून ती चराच्या मधोमध पोहोचते का ते डोळा लावून पाहा. फरक जाणवला तर तो बार या मशीनचा नाही.

पिच आणि गेज: बुडाशी संबंध नाही, तरी चुकवू नका

बूड जुळलं म्हणून बार जुळला असं होत नाही. चेन, स्प्रॉकेट आणि नाकातलं चाक या तिन्हींचा पिच, म्हणजे चेनच्या रिव्हेटांमधलं सरासरी अंतर, एकच हवा. पिच मोजायला चेनवरचे सलग तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा. न भागता थेट तीन रिव्हेटचं माप लक्षात ठेवलं तर आणखी सोपं: १६.५ मिलिमीटर आलं तर ०.३२५ इंच, १९ आलं तर ३/८, २०.५ आलं तर ०.४०४. लहान घरगुती मशिनांच्या हलक्या ३/८ चेनला हे माप १८.६च्या आसपास येतं. तिच्यावर ३/८च लिहिलेलं असलं तरी ती मोठ्या ३/८ची भावंडं नव्हे, स्प्रॉकेट वेगळं लागतं. खूप जुन्या अमेरिकन मशिनांवर ७/१६ आणि १/२ इंची पिचही येतो. तिथे माप अनुक्रमे २२.२ आणि २५.४ येतं, आणि अशा चेन आता सहज मिळत नाहीत. असं मशीन हाती आलं तर स्प्रॉकेट ३/८ किंवा ०.४०४चं बदलून मिळतं का हे आधी पाहा, बार नंतर घ्या.

गेज म्हणजे चराची रुंदी आणि चेनच्या आतल्या दाताची जाडी. ०.०५० म्हणजे १.३ मिलिमीटर, ०.०५८ म्हणजे १.५, ०.०६३ म्हणजे १.६. जाड दात अरुंद चरात जाणारच नाही, म्हणून ती चूक होत नाही. उलटी चूक होते. १.६च्या चरात १.३ची चेन सहज जाते, पण कापताना डुलते आणि काप एका बाजूला वळतो. जुना बार झिजलेला असेल तर चर मोजून फसू नका, चेनच्या दाताच्या न झिजलेल्या भागाची जाडी घ्या.

ज्यांना पिचची कटकट नको त्यांनी नाकात चाक नसलेला, कडक धातू लावलेला टोकाचा बार घ्यावा. त्याला पिचचं बंधन नसतं. घाण, मातीत लोळलेले ओंडके कापायला तो बराही पडतो. घर्षण जास्त, म्हणून तेल सढळ हवं, एवढं मात्र आहे.

चेनचे आतले दात किती लागतील ते बारच्या इंचांवरून ठरवू नका. एकाच २० इंची बारला दोन वेगळ्या मशिनांवर दातांची संख्या वेगळी लागू शकते, कारण स्प्रॉकेटपासून स्टडचं अंतर मशीनगणिक बदलतं. बार मशीनवर चढवून, ताण जवळजवळ पूर्ण सैल ठेवून, भोवती चेनचा तुकडा किंवा सुतळी फिरवून मोजा.

जुळत नसेल तेव्हा काय करता येतं

खाच रुंद आणि स्टड बारीक, हा सर्वांत सोपा प्रकार. स्टीलचा १२ मिलिमीटरचा बार हस्कवार्नाच्या ९ मिलिमीटरच्या स्टडवर बसवायला मधे बुश, म्हणजे स्टडवर चढणारं पोकळ नळकांडं, लागतो. असे बुश तयार मिळतात, लेथवाला अर्ध्या तासात करूनही देतो. बुशची उंची बारच्या जाडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिलिमीटर कमी ठेवायची. तो बारपेक्षा उंच झाला तर झाकण बुशवर टेकतं, बार आवळला जात नाही आणि कापताना सरकतो. दोन स्टड असतील तर दोन्हींना बुश घाला. एकालाच घातला तर बार दुसऱ्याभोवती डुलत राहतो. पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवलेली मशिनं माझ्याकडे येतात. चेन एकदा जोरात अडकली की ती पट्टी चिरडते. बुश बसल्यावरही पुन्हा लाल ग्रीसची चाचणी घ्या, कारण बुश फक्त स्टडचा प्रश्न सोडवतो, तेलाचा नाही.

खाच अरुंद आणि स्टड जाड असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दुसरा बार शोधा. कानशीने खाच वाढवायला बसलेले लोक तास घालवतात आणि खाच सरळ येत नाही. मिलिंग मशीनवर करता येतं, पण तेवढ्या पैशात बरोबर बार मिळतो.

तेलाचं भोक जवळ आहे पण खोबणीत येत नाही, अशा वेळी दोन मार्ग. भोक आणि मशीनचं तोंड यांच्यात बारच्या पृष्ठभागावर पातळ ग्राइंडिंग व्हीलने उथळ वाट पाडायची. ही वाट पिनच्या भोकाला किंवा खाचेला मिळू द्यायची नाही, नाहीतर तेल तिथूनच गळून जाईल. दुसरा मार्ग नवं भोक पाडण्याचा. त्यासाठी कार्बाइडचा ड्रिल हवा, साधा ड्रिल निळा पडतो. भोक चराच्या तळाला उघडलं पाहिजे, आणि चरात राहिलेली कूस पातळ कानशीने साफ केली पाहिजे. भोक वर आणि खाली दोन्हीकडे पाडा, म्हणजे बार उलटता येईल. तीन पत्रे जोडून केलेल्या पातळ बारवर यातलं काही करू नका. पत्र्यांच्या मधून तेल झिरपतं आणि जोड उघडतो.

भरून देण्याआधी

चेन चढवून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडते का ते पाहा. मग बार उलटा करून तेच करा. झाकण बसवताना बारचं नाक थोडं वर उचलून धरा आणि तसंच नट आवळा.

मग तेलाची चाचणी. मशीन चालू करून नाक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर वर धरा आणि गती द्या. दहा-पंधरा सेकंदांत पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर कापायला जाऊ नका. लांब बार घातला असेल तर तेल जास्त लागतं, पंपाचा स्क्रू असेल तर तो वाढवा. पंपच लहान असेल तर बार लहान घ्या. आणि गाडीचं जळकं ऑइल टाकीत घालू नका. कोकणात हे सर्रास चालतं, पण त्यातला कचरा आणि धातूचा चुरा पंपात आणि चरात बसतो, आणि तुम्ही मेहनतीने जुळवलेली तेलाची वाट तोच चुरा बंद करतो.

जुन्या कित्येक मशिनांना चेनब्रेकच, म्हणजे झटका बसला की चेन थांबवणारा ब्रेक, नसतो. अशा मशीनवर मूळ बारपेक्षा रुंद नाकाचा किंवा जास्त लांब बार घालू नका. नाकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून अंगावर येतं, आणि नाक जितकं रुंद तितका हा झटका मोठा. चेन तुटली किंवा उतरली तर तिला अडवणारा खालचा हुक मशीनवर शाबूत आहे का तेही पाहा.

पहिली टाकी संपली की मशीन थोडं निवू द्या आणि बार पुन्हा उतरवा. बुडाच्या सपाट भागावर मशीनच्या टेकणीचा ठसा सगळीकडे सारखा उमटला असेल तर बार घट्ट बसला आहे. एकाच कडेला चमक दिसत असेल तर बार तिरका बसतोय, मध्ये कचरा किंवा उंच बुश आहे. चराच्या दोन्ही कडांना बोट लावा. कोमट असतील तर चांगलं, एक कड दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर तेल तिथपर्यंत जात नाही. आतेभावाच्या मशीनला शेवटी जुन्या बारांच्या ढिगातला एक बार लागला, ३/८ इंची स्टडला साजेशा खाचेचा. त्याच्या ग्रीटिंग कार्डावरची कोरी जागा त्या बारच्या भोकाशी तंतोतंत जुळली. बार आणि कार्ड दोन्ही त्याने गराजच्या भिंतीवर एकाच खिळ्याला टांगून ठेवली आहेत, आणि कार्डावर मार्करने मापं लिहिली आहेत: स्टड ९.५, पिच ३/८, गेज १.६.